अल्बिनो आणि कोब्रा गप्पींच्या संकरातून स्थिर लाइन कशी करावी?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. ऐरोलीतील घराच्या बंदिस्त गॅलरीत मी काही वर्षांपासून गप्पी पाळतो. गप्पी म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका विहिरींत सोडते ते करडे मासेच आठवतात. माझे मासे त्याच जातीचे, मात्र पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ज्यांचे रंग आणि शेपट्या वाढवल्या आहेत असे.

गेल्या वर्षी मी लाल डोळ्यांची अल्बिनो (काळे रंगद्रव्य नसलेली) मादी आणि पिवळ्या कोब्रा, म्हणजे सापाच्या कातडीसारख्या नक्षीचा नर अशी जोडी लावली. मादी कोणत्याही नराला लागलेली नव्हती. पहिल्या पिढीतील झाडून सगळी पिल्ले काळ्या डोळ्यांची निघाली. त्यांतील प्रत्येक नराच्या अंगावर कोब्रा नक्षी होती आणि माद्या साध्या होत्या. या भावाबहिणींच्या जोडीपासून झालेली दुसरी पिढी मी सहाव्या आठवड्यात मोजली, तेव्हा 41 पिल्लांपैकी 5 अल्बिनो भरली. त्यांत 2 नर आणि 3 माद्या आहेत. दोन्ही नरांच्या अंगावर फिकट, पण स्पष्ट ओळखू येणारी कोब्रा नक्षी आहे. माद्या तिसऱ्या आठवड्यातच वेगळ्या काढल्या होत्या.

शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या हिशेबाप्रमाणे एक चतुर्थांश, म्हणजे दहाच्या आसपास पिल्ले अल्बिनो यायला हवी होती. ती निम्मीच आली, याचा अर्थ हा गुण साधा अप्रभावी (आई आणि बाप दोघांकडून जनुक आले तरच दिसणारा) नाही असा घ्यावा का? या पाच माशांवरून स्वतःची लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सारखीच पिल्ले देणारे घराणे, उभे करता येईल का, आणि तिला नवा प्रकार म्हणण्यासाठी किती पिढ्या जाव्या लागतील? कोपरखैरणेचे एक मित्र म्हणतात की भावाबहिणींच्या जोड्यांमुळे मासे खुरटतात, म्हणून आताच त्यात एंडलर हा गप्पीच्या जवळच्या नात्यातला मासा मिसळावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मत्स्यवेडा (घोडबंदर रोड)

ऐरोलीकर, तुमच्या नोंदी व्यवस्थित असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे.

आधी आकड्यांकडे पाहू. 41 पिल्लांत अपेक्षित अल्बिनो 10.25 आणि प्रत्यक्षात 5. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी काय-वर्ग कसोटी लावली तर उत्तर 3.59 येते, आणि पाच टक्क्यांच्या पातळीवरची मर्यादा 3.84 आहे. म्हणजे ही तूट केवळ योगायोगानेही पडू शकते, जेमतेम का होईना. माझा संशय मात्र दुसरीकडे आहे. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यामुळे अल्बिनो पिल्लांना कमी दिसते आणि प्रखर उजेड सोसत नाही. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीसारख्या जिवाची) ताजी पिल्ले खाद्य म्हणून टाकल्यावर काळ्या डोळ्यांची भावंडे त्यांच्यावर तुटून पडतात आणि अल्बिनो पिल्ले मागे राहतात. शिवाय व्यालेली मादी समोर येईल ते पिल्लू गिळते, तेव्हा सर्वांत आधी सापडतात तीही हीच. सहाव्या आठवड्यातली मोजदाद ही जन्मलेल्यांची नसून जगलेल्यांची असते. पुढच्या वेळी मादी व्याली की त्याच दिवशी पिल्ले पांढऱ्या वाडग्यात घ्या आणि बाजूने विजेरीचा झोत टाका. अल्बिनो पिल्लाचे डोळे पहिल्या दिवसापासून गुलाबी-लाल दिसतात आणि त्या प्रकाशात ते चटकन ओळखू येतात. मोजून झाले की त्यांना लगेच वेगळ्या, मंद उजेडाच्या टाकीत हलवावे. गप्पींमधील हा अल्बिनोपणा अप्रभावी आहे आणि त्याचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही, याबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही.

कोब्रा नक्षीचा मामला वेगळा आहे. तिचे जनुक सहसा वाय गुणसूत्रावर असते, त्यामुळे ते बापाकडून थेट मुलाकडे जाते आणि मुलींकडे जातच नाही. तुमच्या पहिल्या पिढीतील सर्व नर कोब्रा निघाले ते यामुळेच. गप्पींमधील अशा वारशाची पहिली नोंद योहान्स श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने 1920 साली केली आणि 1922 मध्ये ओविन्द विंगे यांनी त्याचा गुणसूत्रांशी असलेला संबंध उलगडून दाखवला. (युरोपातील वाम मासे अंडी घालायला सारगासो समुद्रापर्यंत जातात, हे शोधून काढणारे श्मिट ते हेच.) म्हणून अल्बिनो नर आणि कोब्रा घराण्यातील मादी अशी उलटी जोडी लावली असती, तर मुलांच्या अंगावर कोब्रा नक्षी बहुधा उतरलीच नसती. बहुधा म्हणण्याचे कारण असे की काही घराण्यांत ही नक्षी एक्स गुणसूत्रावरही बसलेली असते, आणि एक्स व वाय यांच्यात क्वचित देवाणघेवाण होते हेही विंगे यांनीच दाखवले होते. मादीच्या अंगावर रंग उमटण्यासाठी लागणारे नर-संप्रेरक नसते, त्यामुळे तिच्या पोटी काय दडले आहे ते तिची मुले पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता तुमच्या पाच माशांबद्दल. अल्बिनो नर आणि अल्बिनो मादी यांची सर्वच्या सर्व पिल्ले अल्बिनो होतील आणि त्यांतील सर्व नर कोब्रा असतील. म्हणजे हे दोन्ही गुण पुढच्याच पिढीत पक्के होतात, त्यासाठी पाच-सहा पिढ्या थांबण्याची गरज नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते. शेपटीचा पसारा, पाठीवरच्या पराची लांबी, नक्षीचा बारीकपणा आणि अंगाचा आकार हे गुण एकेका जनुकाच्या हाती नसतात. अनेक जनुके आणि टाकीतील परिस्थिती मिळून ते घडवतात, म्हणून तिथे दर पिढीत थोडेथोडेच पदरात पडते. अल्बिनो कोब्रा जगात आधीपासून आहेत, तेव्हा याला नवा प्रकार म्हणता येणार नाही. ज्या लाइनची पिल्ले कशी निघतील हे तुम्ही आधीच सांगू शकता, अशी स्वतःची लाइन मात्र नक्की होऊ शकते, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे.

निळीशार (नौपाडा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘पक्के होणे’ या मुद्द्याबद्दल थोडी सावधगिरी सुचवते. मी फायटर मासे वाढवते आणि तिथे या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नसते.

ग्राहकांकडून सर्वाधिक मागणी असते ती रॉयल ब्लू रंगाला, आणि नेमका हाच रंग कधी पक्का होत नाही. एका जनुकाच्या दोन रूपांपैकी कोणतेही दुसऱ्यावर पूर्ण मात करत नाही, म्हणून दोन्ही रूपे एकत्र आलेला मासा रॉयल ब्लू दिसतो. एकच रूप दुहेरी असेल तर तो हिरवट टर्कॉइज दिसतो आणि दुसरे दुहेरी असेल तर स्टील ब्लू. रॉयल ब्लूची जोडी रॉयल ब्लूशीच लावली की पिल्लांत सरासरी एक भाग टर्कॉइज, दोन भाग रॉयल आणि एक भाग स्टील येतात, मग तुम्ही वीस पिढ्या निवड करत बसा. पुष्कळ नवशिके उत्तमातला उत्तम निळा नर आणि उत्तमातली उत्तम निळी मादी घेतात आणि दर वेळी निम्मी पिल्ले नको त्या रंगाची का निघतात म्हणून विक्रेत्याला दोष देतात. मी टर्कॉइज आणि स्टील या दोन वेगळ्या लाइन सांभाळते आणि विक्रीसाठी त्यांची जोडी लावते, तेव्हा सर्व पिल्ले रॉयल ब्लू निघतात.

गोल्डफिशमध्येही हेच घडते. चमकदार खवल्यांचा मासा आणि पारदर्शक खवल्यांचा मासा यांची पिल्ले कॅलिको म्हणजे ठिपक्यांची चितकबरी होतात, आणि कॅलिकोपासून कॅलिको निम्मेच मिळतात. चिनी शास्त्रज्ञ शिसान चेन यांनी हे 1928 साली सिद्ध केले. आपल्याकडे शुबुंकिन म्हणून जे मासे विकले जातात ते या मधल्या प्रकारातलेच.

सांगायचे कारण हे की ऐरोलीकर पुढे या लाइनमध्ये आणखी रंग आणू पाहतील, तेव्हा आवडलेला मासा दुहेरी जनुकांचा आहे की मिश्र, हे तपासूनच त्याच्यावर वर्षभराची टाकी खर्च करावी. तपासणी अवघड नाही. तुमच्या दुसऱ्या पिढीतील 36 काळ्या डोळ्यांच्या पिल्लांपैकी सुमारे दोन तृतीयांश पिल्ले अल्बिनोचे जनुक लपवून वागवत असणार. त्यांतील एखाद्या नराला न लागलेल्या अल्बिनो मादीसोबत ठेवा. एक जरी लाल डोळ्यांचे पिल्लू निघाले तरी तो वाहक ठरला. सात पिल्ले झाली आणि सातही काळ्या डोळ्यांची असली, तर तो वाहक असण्याची शक्यता फारच कमी उरते, कारण वाहकाच्या बाबतीत असे 128 मध्ये एकदाच घडते.

जुना जलचर (बेलापूर)

दोन्ही उत्तरे शास्त्राला धरून आहेत, पण ती वाचून ऐरोलीकर उद्याच दोन नर आणि तीन बहिणी एका टाकीत सोडतील अशी मला भीती वाटते. कोपरखैरणेच्या मित्रांचा उपाय पटत नसला तरी त्यांची काळजी अनाठायी नाही.

पहिल्या पिढीतील सख्ख्या भावंडांपासून झालेल्या या पाच माशांचा अंतःप्रजनन गुणांक (जवळच्या नात्यामुळे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) आधीच 0.25 आहे. त्यांची आपसांत जोडी लावली की पुढची पिढी 0.375 वर, तिच्यापुढची 0.5 वर आणि त्यानंतरची 0.59 वर जाते. गप्पी बरेच सोसतात हे खरे, पण मणका वाकणे, पिल्लांची संख्या घटणे आणि साध्या बुरशीनेही टाकी रिकामी होणे ही लक्षणे दिसू लागली की मागे फिरायला जागा उरत नाही. दोन नर आणि तीन माद्या असतील तर प्रजननाच्या हिशेबाने कळपाचा परिणामकारक आकार (विविधता टिकवण्याच्या दृष्टीने तो किती माशांच्या बरोबरीचा आहे तो आकडा) 4.8 भरतो आणि दर पिढीत सुमारे दहा टक्के विविधता गळते. सहा नर आणि दहा माद्या ठेवल्या तर तोच आकार 15 होतो आणि गळती साधारण 3.3 टक्क्यांवर येते. केवळ माद्या वाढवून भागत नाही, नरही वाढवावे लागतात, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच, कारण प्रत्येकाला आपला एकच राजबिंडा नर सर्व माद्यांना लावायचा असतो.

निवडीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. जो नर सर्वांत आधी रंगावर येतो तो सर्वांत आधी नजरेत भरतो आणि साहजिकच तोच बाजूला काढला जातो. परंतु गप्पीचा नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. लवकर रंगलेले नर पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेलात तर शेवटी हाती उरतात ते तळहातावर ठेवल्यावर करंगळीच्या नखाएवढे दिसणारे मासे, आणि मग शेपटीचे वजन पेलण्याइतके अंग त्यांना नसते. उशिरा रंगणाऱ्या, अंगाने भरलेल्या नरांना थोडी मुदत द्या आणि निवड चौथ्या महिन्याच्या आत करू नका.

दुसरे असे की आनुवंशिक फरक आणि टाकीचा फरक यांची गल्लत होऊ देऊ नये. लाल आणि नारिंगी रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. एका टाकीला स्पिरुलिना हे शेवाळासारखे खाद्य आणि ताजे आर्टेमिया, दुसरीला नुसते कोरडे दाणे, एक टाकी खिडकीशी आणि दुसरी कोपऱ्यात, अशी व्यवस्था असेल तर कोणती भावंडे जातिवंत आहेत हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी नळाला येते. त्यातील क्लोरीन घालवून सर्व टाक्यांचे पाणी एकाच दिवशी, सारख्याच प्रमाणात बदलावे. प्रत्येक टाकीवर जोडीचा क्रमांक आणि जन्मतारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी, आणि वही पाण्यापासून दूर ठेवावी.

जागेबद्दलही बोलायला हवे. चाळीस लिटरच्या दहा टाक्या म्हणजे नुसते पाणीच चारशे किलो, त्यावर काच, वाळू आणि लोखंडी मांडणी. गॅलरीच्या कठड्याकडील बाजूला हा भार देऊ नये. आतल्या भिंतीलगत, तुळईच्या जवळ मांडणी करावी आणि जुनी इमारत असेल तर आधी अभियंत्याला विचारावे.

ऐरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जन्मदिवशी मोजदाद आणि विजेरीचा उपाय पुढच्या विणीपासून नक्की करीन. जुना जलचर यांचे गणित वाचून मात्र पेचात पडलो आहे. नक्षी आणि लाल डोळे टिकवायचे तर बाहेरचा मासा नको आणि विविधता टिकवायची तर बाहेरचा मासा हवा, अशा वेळी एंडलरखेरीज दुसरा मार्ग आहे का? आणखी एक शंका आहे. नको असलेल्या पिल्लांची संख्या वाढत चालली आहे. एका परिचितांनी ती तलावात सोडावीत असे सुचवले, कारण महापालिकाही गप्पी सोडतेच.

निळीशार (नौपाडा)

तलावात कृपया सोडू नका, मासुंदा असो, उपवन असो की तुमच्याकडचा एखादा धारण तलाव. गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि त्या भागातील नद्यांमधला. तो भारतात आणला गेला 1908 मध्ये. अळ्या खाण्यासाठी बंदिस्त विहिरीत तो सोडणे ही एक गोष्ट आहे, आणि स्थानिक लहान माशांची अंडी-पिल्ले असलेल्या मोकळ्या पाण्यात त्याची भर घालणे ही अगदी दुसरी. जास्तीची निरोगी पिल्ले परिसरातील दुकानदार किंवा नवशिके छंदिष्ट आनंदाने नेतात, फक्त ती मिश्र रक्ताची आहेत हे सांगून द्यावीत. व्यंग असलेली पिल्ले कोणालाही देऊ नयेत. ती मोठे मासे पाळणाऱ्यांच्या टाकीत जातात हे ऐकायला कठोर वाटेल, पण निवड पैदास करणाऱ्याला हा निर्णय टाळता येत नाही.

एंडलरविषयी म्हणाल, तर ही वेगळी जात मानली जाते. 1937 मध्ये व्हेनेझुएलातील एका सरोवरात ती प्रथम सापडली, 1975 मध्ये जॉन एंडलर यांना पुन्हा आढळली आणि 2005 साली तिला शास्त्रीय नाव मिळाले, तेही वर उल्लेख आलेल्या विंगे यांच्या सन्मानार्थ. गप्पीशी तिचा संकर होतो आणि पिल्ले प्रजननक्षमही असतात, म्हणूनच तर धोका आहे. एंडलरचा नर लावलात तर त्याचे वाय गुणसूत्र तुमच्या कोब्राला हुसकावून लावेल. एंडलरची मादी आणलीत तर पहिली पिढी पुन्हा काळ्या डोळ्यांची होईल, मोठी शेपटी आखडेल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत याल. शुद्ध एंडलर आता दुर्मीळ होत चालले आहेत, तेही या मिसळीमुळेच.

जातीबाहेरचे संकर नेहमी जोमदार असतात असेही नाही. काळे ठिपके असलेली प्लॅटी आणि स्वोर्डटेल या टाकीत पाळल्या जाणाऱ्या दोन जातींच्या संकराची जोडी पुन्हा स्वोर्डटेलशी लावली की काही पिल्लांचे तेच ठिपके पसरून त्वचेचा कर्करोग होतो. गॉर्डन, कॉसविग आणि हॉयस्लर या तिघांनी 1928 च्या सुमारास स्वतंत्रपणे हे पाहिले आणि पुढे कर्करोगाच्या संशोधनात हे मासे आदर्श नमुना ठरले. प्लॅटीच्या शरीरात त्या जनुकाला आवर घालणारे दुसरे जनुक असते, ते संकरात गळून पडते.

मत्स्यवेडा (घोडबंदर रोड)

ऐरोलीकर, तुमचा पेच वाटतो तितका घट्ट नाही. बाहेरचा मासा हवा, पण तो अल्बिनो मादी असावा. लाल डोळे दोन्हीकडून येतात आणि कोब्रा फक्त बापाकडून येतो, त्यामुळे तुमचा अल्बिनो कोब्रा नर आणि तुमच्या माशांशी नाते नसलेली अल्बिनो मादी यांची सर्व पिल्ले अल्बिनो होतील, त्यांतील सर्व नर कोब्रा असतील आणि त्यांचा अंतःप्रजनन गुणांक पुन्हा शून्यावर येईल. दोन्ही गुण राखून नवे रक्त आणण्याची ही सोय वाय गुणसूत्रावरील नक्षीनेच करून दिली आहे.

म्हणून मी असे करीन. एका नराला तिघी बहिणींपैकी अंगाने सर्वांत भरलेल्या दोघींसोबत ठेवीन आणि ती पहिली शाखा समजेन. दुसऱ्या नराला बाहेरून आणलेल्या दोन-तीन अल्बिनो माद्यांसोबत ठेवून दुसरी शाखा सुरू करीन. तिसरी बहीण राखीव राहील. दोन्ही शाखा दोन पिढ्या वेगवेगळ्या चालवून नंतर पहिलीतील नर दुसरीतील माद्यांना लावावेत.

बाहेरच्या माद्या विकत घेताना वयात आलेल्या घेऊ नका. गप्पीची मादी एकदा लागली की नराच्या शुक्राणूंचा साठा अनेक महिने पुरवते, आणि तुमच्या टाकीत जन्मलेली पिल्ले दुकानातल्या कुठल्याशा नराची निघतात. तीन आठवड्यांच्या आतील पिल्ले घ्यावीत आणि भिंगाखाली गुदपर (पोटाखालचा, शेपटीच्या बाजूचा पर) पाहून ती स्वतः निवडावीत. मादीचा हा पर पंख्यासारखा त्रिकोणी राहतो आणि त्याच्या वर पोटाशी काळसर डाग धरू लागतो, तर नराचा पर पुढच्या कडेने लांबट व अरुंद होऊ लागलेला असतो. अल्बिनो मादीत तो डाग काळा न दिसता गुलाबी-नारिंगी दिसतो, तेव्हा डागावर विसंबू नका, पराचा आकार पाहा.

एक शक्यता आधीच सांगून ठेवतो. अल्बिनोपणा एकाहून अधिक जनुकांमुळे येऊ शकतो. नव्या मादीचे जनुक तुमच्या माशांपेक्षा वेगळे असेल, तर दोन्ही आईबाप लाल डोळ्यांचे असूनही सर्व पिल्ले काळ्या डोळ्यांची जन्मतील. तसे झाले तर ती वीण लाइनमध्ये घेऊ नका, आणि तुमची मूळ अल्बिनो मादी ज्यांच्याकडून आणली होती त्यांच्याचकडे तिच्या चुलत घराण्यातली पिल्ले मिळतात का ते विचारा. गुणांक शून्यावर येणार नाही, पण सख्ख्या बहिणींपेक्षा बराच खाली राहील.